प्रबंधाचं तिसरं प्रकरण

पीएचडीचा प्रबंध हातात आला की लोक आधी नाव बघतात, मग गाइडचं नाव, मग आभाराचं पान. त्या पानावर आपलं नाव आहे की नाही हे बघणारे तर हमखास. मी तिसरं प्रकरण उघडते.

अमरावती रोडवर, विद्यापीठाच्या कॅम्पसपासून पायी येता येईल एवढ्या अंतरावर आमचं डीटीपी, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. टायपिंग-सेटिंग माझ्याकडे, बाइंडिंग दिराकडे. बीएस्सीला माझी केमिस्ट्री होती, पुढे शिकणं झालं नाही. आता दुसऱ्यांच्या पीएचड्या माझ्या बोटांखालून जातात. तेवढ्या भांडवलावर मत द्यायचा थोडाफार हक्क आहे असं धरून हे लिहितेय.

हा रस्ताच तसा आहे. १९४२ सालची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, इथे, विद्यापीठाचे विभाग इथे, पुढे गेलं की मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था, संत्रा-मोसंबीची संशोधन संस्था, इस्रोचं रिमोट सेन्सिंग केंद्र, आणि वाडीला गेलात की अॅल्युमिनियमवर संशोधन करणारं केंद्र. तिकडे वर्धा रोडच्या अंगाला नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, आणि कापूस संशोधन संस्था, शिवाय इंजिनिअरिंगची व्हीएनआयटी, मेडिकल कॉलेज, महाराजबागेजवळचं १९०६ सालचं कृषी महाविद्यालय. बाहेरच्यांना नागपूर म्हटलं की संत्री, ऊन आणि सावजी आठवतं. या गावात माणसं आयुष्यभर माती चाळतात, पाणी मोजतात, अळ्या मोजतात, हे खुद्द नागपूरकरांनाही फारसं माहीत नसतं. माझ्याकडे मात्र ते सगळे एकाच दारातून येतात, एकाच घाईत. "ताई, उद्या सबमिशन आहे, होऊन जाईल ना?" होऊन जातं.

तर तिसरं प्रकरण का? पहिलं प्रकरण म्हणजे प्रस्तावना, आणि प्रस्तावना सगळ्यांची सारखी. पाणी ही माणसाची मूलभूत गरज आहे. भारत कृषिप्रधान देश आहे. ऊर्जेची मागणी दिवसेंदिवस वाढते आहे. आधीच्या कुणाची तरी फाइल उघडायची आणि गावांची नावं बदलायची. दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वी कुणी काय केलं त्याची जंत्री. अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं म्हटलं, वाक्याला वाक्य जोडत पन्नास पानं. चौथ्यात तक्ते आणि आलेख, पाचव्यात निष्कर्ष, आणि निष्कर्ष असा की आणखी संशोधनाची गरज आहे. तिसरं प्रकरण पद्धतीचं. त्या माणसाने हाताने काय केलं ते तिथे लिहावं लागतं. कुठे गेला, काय उचललं, कशात ठेवलं, किती वेळ थांबला. तिथे मोठी वाक्यं चालत नाहीत. आणि ज्याने केलंच नाही त्याचं तिसरं प्रकरण अडीच पानांत आटोपतं, हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे.

एक मुलगा यवतमाळकडचा होता. पाण्यातल्या फ्लोराइडवर काम, पांढरकवड्याच्या बाजूची गावं. त्याच्या प्रस्तावनेत नवीन काही नव्हतं: दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं कडक होऊन माणूस वाकतो, पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. हे सगळं सगळ्यांच्या प्रस्तावनेत असतं. तिसऱ्या प्रकरणात मात्र लिहिलं होतं की नमुना घेण्याआधी हातपंप काही मिनिटं हापसून पाणी वाहू द्यावं, कारण पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी त्या बोअरचं खरं पाणी नाही. मग बाटली त्याच पाण्याने विसळावी. आणि बाटली प्लास्टिकची घ्यावी, काचेची नको.

काचेची का नको, मी विचारलं. आमच्या लॅबमध्ये काचेची बाटली म्हणजे चांगली आणि प्लास्टिकची म्हणजे नाइलाजाची, असं शिकवलेलं.

"फ्लोराइड काचेला धरते ना ताई. बाटलीतच कमी होऊन गेलं तं मोजायचं काय?"

मोजण्याची रीतही मजेशीर आहे. झिर्कोनियम आणि एका रंगद्रव्याचं लाल मिश्रण करतात आणि पाण्यात घालतात. फ्लोराइड त्या रंगातून झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग उतरतो. म्हणजे जितकं पाणी वाईट तितका रंग फिका. मग ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो फिकेपणा यंत्रावर वाचायचा. मला हे टाइप करताना सारखं वाटायचं की रंग गडद म्हणजे धोका असं का नाही केलं. पण फ्लोराइडचा स्वभावच ओढून घेण्याचा, त्याला कोण काय करणार.

या विषयावर नागपूरचं मोठं काम आहे ते नीरीचं. १९५८ साली ही संस्था सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी निघाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. त्याच दशकात तिथल्या लोकांनी तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड खाली बसवायची पद्धत बसवली. घरात बादलीतही जमेल अशी. तिचं नाव नलगोंडा पद्धत, कारण फ्लोराइडचा त्रास तिकडे तेलंगणात मोठा. नाव नलगोंड्याचं, डोकं नागपूरचं. पुढे आफ्रिकेतल्या देशांतही ती वापरून पाहिली गेली. आमच्या इथे रिक्षावाल्याला नीरी म्हटलं की तो बरोबर गेटवर सोडतो, पण आत काय चालतं ते विचारू नका.

आता खरी गंमत. त्याच सुमारास वनस्पतिशास्त्रातली एक मुलगी आली, तिचा विषय अश्मीभूत लाकूड. नागपूर-छिंदवाडा पट्ट्यात लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ अडकून दगड झाला आहे, आणि त्या दगडात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडाची खोडं, फळं, बिया सापडतात. हे काम नागपुरात फार जुनं. आपल्या टाकळीच्या परिसरात असे जीवाश्म पहिल्यांदा गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने, १८५०च्या आसपास. हो, हिस्लॉप कॉलेजचा तोच. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. कॉलेजात शिकलेल्या हजारोंपैकी हे किती जणांना माहीत असेल, कोण जाणे. मी तरी प्रबंधातूनच शिकले.

तर त्या मुलीचं तिसरं प्रकरण. दगड करवतीने कापायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ ठेवायचा. हे आम्ल दगडातली सिलिका खातं, पण पेशींच्या भिंतींतला सेंद्रिय भाग खात नाही, त्यामुळे त्या भिंती किंचित उभ्या राहतात. मग दगड धुऊन, वाळवून, असिटोन टाकून वर सेल्युलोज अॅसिटेटची पातळ फिल्म चिकटवायची आणि सुकल्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखी सोलून घ्यायची. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाच्या पेशींची रांग त्या फिल्मवर येते, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. तिने मला एक फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून दाखवली. उघड्या डोळ्यांना तपकिरी ठिपके दिसतात, जाळीसारखे. मी ती हातात घ्यायलाही घाबरले.

आणि त्याच पानावर ओळ: आम्लासाठी प्लास्टिकचं भांडं वापरावं, काचेचं नाही. कारण काच म्हणजेही सिलिका. शेजारीच: कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवावी, कारण हे आम्ल कातडीवर पडलं तर आत शिरून कॅल्शियम बांधून घेतं. जेलमधलं कॅल्शियम त्याला दिलं की ते शरीरातल्याच्या मागे लागत नाही.

म्हणजे बघा. यवतमाळच्या हातपंपाखालचा मुलगा आणि जीवाश्मवाली मुलगी यांची ओळख नाही, विभाग वेगळे, गाइड वेगळे, बाहेरून येणारे परीक्षक वेगळे. एकाच्या प्रबंधात फ्लोराइड माणसाच्या हाडात जाऊन बसतं, दुसरीच्या प्रबंधात तेच बोट जाळू शकतं, आणि दोन्हीकडे कारण एकच, फ्लोराइडला कॅल्शियमची ओढ. दोन्हीकडे काच नको. विद्यापीठात या दोघांची गाठ पडली नसती. माझ्या पेनड्राइव्हमध्ये दोघं एका फोल्डरात होते. त्याला फोन करून तिच्या प्रबंधाबद्दल सांगितलं, तर म्हणाला, "काय सांगता बाप्पा," आणि मग वायव्याची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागली का ते विचारलं.

काळ्या मातीचं तर विचारूच नका. नागपुरात राहून काळ्या मातीवर पीएचडी न करणं अवघड असावं. मातीवाले विद्यार्थी शेतात माणूस उभा राहील एवढा खड्डा खणतात, त्याच्या एका भिंतीवर पट्टी लावतात आणि वरून खाली थर लिहीत जातात. रंग लिहिताना "काळी" असं लिहून चालत नाही. एक मनसेल नावाचं रंगांचं पुस्तक असतं, त्यात रंगांचे छोटे चौकोन चिकटवलेले, प्रत्येकाला आकडा. मातीचं ढेकूळ ओलं करून चौकोनाशेजारी धरायचं आणि आकडा लिहायचा: १० वायआर ३/२. सुरुवातीला मला वाटायचं हा नमुन्याचा नंबर आहे. १० वायआर म्हणजे पिवळा-लाल यांच्यामधली छटा, ३ म्हणजे किती उजळ, २ म्हणजे रंग किती भरलेला. आपल्या डोळ्यांना काळी दिसणारी ती माती त्या पुस्तकात तपकिरीच्या घरात बसते.

याच मातीवर सिव्हिलवाले येतात आणि त्यांच्या तिसऱ्या प्रकरणात मातीचा सूरच बदलतो. शेतीवाल्याच्या लेखी ही माती सोन्यासारखी, कारण तिच्यातली स्मेक्टाइट नावाची चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि पावसाने ओढ दिली तरी कपाशी तग धरते. सिव्हिलवाल्याच्या लेखी ही माती म्हणजे संकट. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरचा रस्ता उचलते आणि घराच्या भिंतीला तिरपी चीर देते. ती किती फुगते हे बघायची रीत मला फार आवडते, कारण ती कुणालाही घरी समजेल. चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम घ्यायची. काचेच्या दोन उभ्या मापनळ्या घ्यायच्या, १०० मिलिची एकेक. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दोन्हीत माती टाकायची आणि २४ तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींची उंची वाचायची आणि फरक काढायचा. झालं.

आता रॉकेल आणायचं कुठून? रेशनवर मिळणं जवळजवळ बंद झालं तेव्हापासून ही पोरं हैराण. एक जण तर दुकानातच विचारून गेला, ताई तुमच्याकडे जुना स्टोव्ह असेल ना, त्यात थोडं उरलेलं असेल. होतं. माळ्यावरच्या स्टोव्हच्या टाकीतून गाळून दिलं. त्याच्या आभाराच्या पानावर माझं नाव नाही, पण ते चालतं, आभाराचं पान मी वाचत नाही.

पुढे तो त्या मातीत कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांतली राख मिसळत गेला, १० टक्के, २० टक्के, ३० टक्के, आणि दर वेळी फुगवटा मोजला. उत्तर नागपूरचे लोक ज्या राखेच्या नावाने बोटं मोडतात तीच राख घातली की मातीचं फुगणं कमी होतं. यात कुणाचा तरी फायदा झाला पाहिजे असं मला नेहमी वाटतं. रस्त्याचे ठेकेदार कधी प्रबंधाची प्रत मागायला दुकानात आले असं झालेलं नाही.

संत्र्यावाल्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. आंबिया बहार, मृग बहार, झाडाला ताण देणं, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणं, डिंक्या लागला तर बोर्डो पेस्ट, हे घराघरातलं ज्ञान. प्रबंधात ते आलं की फक्त मोजमाप होतं. झाडाच्या चारही दिशांची फळं तोडायची, एकाच बाजूची नाही, कारण दक्षिणेकडच्या फळाला ऊन वेगळं मिळतं. रस काढायचा, गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर वाचायची आणि आंबटपणा सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचा. थेंब थेंब टाकत जायचं, फेनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग येऊन तीस सेकंद टिकला की थांबायचं. हे मी स्वतः केलेलं आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. टाइप करताना अजूनही बोटं ब्युरेटच्या तोटीवर असल्यासारखी जपून पडतात.

कापूसवाले उदास असतात, निदान २०१७ पासून तरी. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भ धुऊन काढला. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये तशा दोन जनुकांची आली, आणि गुलाबी अळी दोन्हींना पचवून बसली. यांच्या तिसऱ्या प्रकरणात कामगंध सापळे असतात. मादीच्या वासाची गोळी लावलेला सापळा, नर पतंग येऊन अडकतात, रोज सकाळी जाऊन मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, असा हिशेब. मोजणाऱ्याला रविवार नाही, दिवाळी नाही. एकीचं लग्न ठरलं तर हळदीच्या सकाळी तिचा भाऊ सापळे मोजायला गेला होता. तक्त्यात त्या तारखेचा आकडा आहे. मी बघितला.

सिकलसेलचे प्रबंध टाइप करताना मात्र मी गप्प असते. आमच्या भागात "एएस पॅटर्न" म्हणजे नुसता वाहक, "एसएस पॅटर्न" म्हणजे प्रत्यक्ष आजार, हे शब्द आठवी-नववीच्या पोरांनाही ठाऊक आहेत. लग्न जुळवताना रिपोर्ट मागतात, काही घरं मुद्दाम मागत नाहीत. विज्ञानाचा भाग सगळ्या प्रबंधांत सारखा: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि तेवढ्यावरून रक्तपेशी विळ्याच्या आकाराची होते. १९५२ सालचा निलगिरीच्या आदिवासींवरचा निबंध आणि १९५८ सालचा शुक्ला-सोलंकींचा मध्य भारतावरचा 'लॅन्सेट'मधला निबंध, हे दोन संदर्भ मी न बघता टाइप करू शकते. तिसऱ्या प्रकरणात साधी चाचणी येते. रक्ताच्या थेंबात सोडियम डायथायोनाइट घालायचं आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. पण एएस की एसएस ते यातून कळत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. म्हणजे नळी गढूळ झाली की पुढचा रिपोर्ट येईपर्यंत ते घर तसंच टांगलेलं. प्रबंधात नावं नसतात, फक्त क्रमांक. मेडिकलचे विद्यार्थी संमतीपत्राचा मराठी नमुना माझ्याकडूनच टाइप करून नेतात, आणि त्यातली वाक्यं छोटी करा, हे मी त्यांना सांगते. ऐकतात.

इस्रोकडच्या केंद्राशी जोडलेली मुलं आभाळातून बघतात, एका ठिपक्यात २३.५ मीटर लांब-रुंद जमीन, आणि त्यावरून कपाशी कुठे, तूर कुठे. मला वाटायचं यांना एसीतून उठावंच लागत नसेल. तिसऱ्या प्रकरणात ते उठतात. हातात जीपीएस घेऊन हिंगणा, काटोल, सावनेर फिरायचं आणि ठिपक्यात कपाशी म्हणून जे दिसलं तिथे खरोखर कपाशीच आहे ना हे बांधावर उभं राहून बघायचं.

माझं हे तिसऱ्या प्रकरणाचं शास्त्र गणितवाले मोडून टाकतात. त्यांना तिसरं प्रकरणच नसतं, म्हणजे असतं, पण त्यात पद्धत नसते. विदर्भात गणितातले बरेच जण आइन्स्टाइनच्या समीकरणांवर काम करतात. बियांकी नावाच्या इटालियन गणितज्ञाने १८९८ साली अवकाशाचे नऊ प्रकार लावून ठेवले, त्यातला एकेक प्रकार घेऊन विश्व तयार करायचं. प्रत्येक प्रकरणात नवीन विश्व, ते जन्मतं, प्रसरण पावतं, सममित होतं किंवा होत नाही, आणि प्रकरण संपतं. नमुना नाही, बाटली नाही, रॉकेल नाही. टायपिंगला महाकठीण, एका अक्षराला वर दोन खाली दोन शेपट्या. यांचा दर मी जास्त लावते आणि ते कुरकुरत नाहीत, कारण सगळी विश्वं टाइप करून देणारं या रस्त्यावर दुसरं कुणी नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

सध्या प्रबंध जमा करण्याआधी साम्य तपासणी होते, म्हणजे मजकूर आधीच्या कुणाशी किती जुळतो ते मशीन बघतं. २०१८च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की अडचणी सुरू, ६० टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणी रद्द. नियम वाईट नाही. कॉपी-पेस्टचा धंदा मी जवळून बघितलाय, तो आटोक्यात यायलाच हवा होता. त्याच नियमांत प्रमाणित समीकरणं सोडून द्यायला सांगितलंय, सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडायला सांगितलंय. पण पद्धत ही गोष्टच अशी की ती सगळ्यांची सारखी असायला हवी! आंबटपणा मोजायची रीत हजार लोकांनी वापरली तर हजार प्रबंधांत ती जवळजवळ त्याच शब्दांत येणार. सारखी नसेल तर दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे कसे? मशीन मात्र तिथेच लाल रंग ओतते. पहिल्या प्रकरणातली "पाणी ही मूलभूत गरज" वाक्यं फिरवून फिरवून सुटतात, आणि तिसरं प्रकरण सापडतं.

मग विद्यार्थी येतो, रिपोर्ट पुढे ठेवतो. "ताई, सर म्हणून राहिले हे पान बदलून टाका, आठच्या खाली आणा." एका गाइडने तर फोनवरून मलाच सांगितलं, शब्द बदला, अर्थ तोच ठेवा. मी शब्द बदलायला बसले तर काय होतं बघा. "गुलाबी रंग तीस सेकंद टिकेपर्यंत" याचं "रंग थोडा वेळ स्थिर होईपर्यंत" होतं. "चाळलेली कोरडी माती" याची "योग्य प्रकारे तयार केलेली माती" होते. "बाटली काचेची नको" हे वाक्य तर उडूनच जातं, कारण पॅसिव्हचं अॅक्टिव्ह करताना ते कुठे बसवावं कळत नाही. साम्य उतरतं, टक्के आठवर येतात, सही होते. आणि उद्या कुणी त्या प्रबंधावरून पाणी मोजायला गेला तर तो काचेची बाटली घेऊन जाईल.

म्हणून हल्ली मी एक करते. बदललेलं पान छापायला देतानाच जुनं पानही काढून देते आणि विद्यार्थ्याला सांगते, हे परिशिष्टात लाव, वर लिही की ही प्रमाणित पद्धत आहे, अमुक ठिकाणाहून जशीच्या तशी घेतली आहे, अवतरणचिन्ह दे. सांगून-सवरून घेतलेलं अवतरण साम्यात धरायचं नाही असं नियमातच आहे. काही जण लावतात. काही जण म्हणतात, सर चिडतील. चिडले तर माझा नंबर द्या म्हणते. अजून एकाही सरांचा फोन आलेला नाही. दीर म्हणतो तू टायपिंगचे पैसे घे आणि गप्प बस, प्रबंध जाड झाला की पाठीवरची गिल्टची अक्षरं मोठी करावी लागतात. ते खर्चाचं बरोबर आहे त्याचं.

ज्यांना हे सगळं स्वतः बघायचंय त्यांनी शोधगंगा ही वेबसाइट उघडावी, फुकट आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. नागपूर निवडा, आपल्या तालुक्याचं नाव टाका, काहीतरी निघेलच. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत असतो. ०१ म्हणजे शीर्षकाचं पान, मग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, आभार, अनुक्रमणिका, त्यामुळे ०३ क्रमांकाची फाइल म्हणजे तिसरं प्रकरण नव्हे. खाली दहा-बाराच्या आसपास बघा.